कुसुमचं अळू, चंपाचा काठ

कुसुमला पोटदुखी होती आणि तिला औषध नव्हतं. डॉक्टरकडे जाऊन सांगणार तरी काय? शेजारणीचा काठ वाढतो आणि माझा खचतो, म्हणून दुखतं?

पण खरं कारण तेच होतं. सिंहगड रस्त्याला, धायरी फाटा यायच्या आधी, सोसायट्यांच्या मागच्या भिंतींना घासून एक वाट मुठेकडे उतरते. तिथे नदी वळण घेते. वळणावरचे बारा गुंठे कुसुम आणि श्रीधरचे. त्यांना लागून खालच्या अंगाला, म्हणजे पाणी वाहत जातं त्या बाजूला, दहा गुंठे चंपा आणि पोपटचे. पूररेषेच्या आतली जमीन, तिथे कोणी वीट ठेवू शकत नाही, म्हणून तर ती अजून जमीन राहिली होती. नाहीतर तिथेही एव्हाना पोहण्याचा तलाव आणि जिम झालं असतं.

श्रीधर शाळेच्या कचेरीतून रिटायर झालेला माणूस. सकाळी शब्दकोडं, दुपारी झोप, संध्याकाळी फेरफटका. जमीन बघायची ती कुसुमने. लग्न होऊन पेठेतून धायरीत आली तेव्हा तिला कोथिंबीर आणि गाजरगवत यातला फरक कळत नव्हता, पण सासूने हाताला धरून शिकवलं. आणि जाताना सासू एक गोष्ट तिच्या ओटीत टाकून गेली, ती म्हणजे काठावरचं अळू.

आता अळू काय, गटाराच्या कडेलाही उगवतं. पण हे वडीचं अळू होतं, काळ्या देठाचं, ताटाएवढ्या पानाचं, आणि मुख्य म्हणजे घशाला अजिबात न खाजणारं. चिंच घातली नाही तरी चालेल असं. सासूने ते माहेराहून आणलं होतं आणि तिच्या माहेरी ते कुठून आलं हे देवालाच माहीत. काठाच्या ओल्या पट्टीत त्याच्या दोन लांब रांगा होत्या. श्रावण लागला की कोथरूडच्या एका पोळीभाजी केंद्रातून कल्याणीताईंचा फोन यायचा, "कुसुमताई, तुमचंच अळू हवं हो. मागच्या वेळी बाजारातलं आणलं, तर गिऱ्हाइकांनी वड्या परत आणून दिल्या." हे वाक्य कुसुम पुढे महिनाभर ज्याला त्याला ऐकवायची. श्रीधरला तर ते पाठ झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी चंपाने त्या अळूची एक अळकुडी मागितली होती. एकच, लावायला. कुसुम म्हणाली, "आमच्यात नाही गं देत कोणाला. सासूबाईंनी तसं सांगितलंय." सासूबाईंनी असलं काहीही सांगितलं नव्हतं. चंपा "बरं ताई" म्हणाली आणि पुन्हा कधी तिने विषय काढला नाही. तेसुद्धा कुसुमला खटकलं. दुसऱ्यांदा मागितलं असतं, तर दुसऱ्यांदा नाही म्हणता आलं असतं.

तर काठ. दर पावसाळ्यानंतर कुसुम आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून नदीकडे पावलं मोजत जायची. पाच वर्षांपूर्वी एकतीस भरली होती. मागच्या दिवाळीत एकोणतीस. आणि चंपाकडे? चंपाच्या काठाला दर पुरानंतर मऊ काळी मळई साचायची. ती मोजायला कुसुमला चंपाच्या जमिनीत पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून ती बांधावर उभी राहून नजरेनेच मोजायची. पाच पावलं तरी वाढली होती. मेथी लावली की तिथे आठवडाभर आधी यायची. कुसुमच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अहो, आपली दोन पावलं गेली आणि तिची पाच वाढली," ती श्रीधरला म्हणाली.

"मग उरलेली तीन दुसऱ्या कोणाची तरी असतील," श्रीधर कोड्यातून डोकं वर न काढता म्हणाला.

असल्या नवऱ्याशी काय बोलणार?

गेल्या श्रावणात मात्र कहर झाला. कुसुम दरवर्षी नदीची ओटी भरायची. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, सगळं रीतसर. नारळी पौर्णिमेला तिने जरीचा खण घेतला, हात जोडून "बाई, माझा काठ राख" म्हणाली आणि आपल्या हद्दीच्या जरा वर जाऊन नारळ पाण्यात सोडला. नारळ दहा हात सरळ गेला. मग तिच्याच वरच्या कोपऱ्यातल्या शेरणीच्या झुडपांना अडला. ही शेरणी नदीच्या काठाला पाण्यात पाय सोडूनच वाढते, बारीक पानांची, वाकेल पण मोडणार नाही अशी. तिथे नारळाने दोन गिरक्या घेतल्या आणि संथ पाण्यातून आरामात, कोणी बोलावल्यासारखा, चंपाच्या काठाला जाऊन लागला.

तासाभराने चंपा नारळ घेऊन बांधावर आली.

"ताई, तुमचा नारळ आमच्याकडं आला."

"नदीला वाहिलेला परत घेत नाहीत," कुसुम म्हणाली.

"मग काय करू? आमी बुद्धाची माणसं, आमी काय नदीला वाहत न्हाई. फोडून खाल्ला तर चालंल?"

"खा."

दुसऱ्या दिवशी चंपाने डबा भरून नारळाच्या वड्या पाठवल्या. श्रीधरने चार खाल्ल्या आणि "छान झाल्यात" म्हणाला. कुसुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओटी मी भरायची, खण मी घ्यायचा, हात मी जोडायचे, आणि नदी देणार कोणाला, तर जी तिला साधा नमस्कारही करत नाही तिला. हा कुठला न्याय?

पण कुसुम नुसती जळणारी नव्हती, डोकं चालवणारी होती. आणि वाईट झालं ते डोक्यामुळेच. त्या आठवड्यात तिने नदीत एकेक वस्तू सोडून पाहिली. केळीचं पान, वाळकी फांदी, श्रीधरची तुटकी चप्पल. सगळं त्या झुडपांशी अडायचं, गिरकी घ्यायचं आणि चंपाकडे जायचं. चौथ्या वेळी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नारळ तसा गाळ. माझ्या जमिनीतली झुडपं पाणी अडवतात, पाणी मंद होतं आणि अंगावरचा गाळ चंपाच्या काठाला उतरवतं. म्हणजे तिची मळई माझ्या झुडपांच्या जिवावर. मी पोसतेय तिला, इतकी वर्षं, फुकट.

यातलं अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं तिने पाहिलंच नाही, कारण ती सारखी खालच्या अंगाला पाहत होती. आपल्या स्वतःच्या काठाशीही पाणी त्याच झुडपांमुळे हळू येतं, हे बघायला तिला उसंत नव्हती.

माघात नदी आटली, तेव्हा तिने कोयतेवाला बोलावला.

"झुडपं तोडायची? बाबा सांगायचे, त्यांना हात लावू नका," श्रीधर म्हणाला.

"बाबा बरंच काही सांगायचे. जन्मभर त्यातलं एकही ऐकलं नाहीत, आणि आज नेमकं हेच आठवलं का? साप निघतात तिथे."

साप एकदा निघाला होता, सतरा वर्षांपूर्वी.

कोयत्याचा आवाज ऐकून चंपा बांधावर धावत आली. पदर खोचलेला, हात मातीने भरलेले.

"ताई, ती नका तोडू. तीच काठ धरून हायेत."

कुसुमला हेच हवं होतं. बघा, बघा कशी पळत आली. आतापर्यंत कधी आली होती का? मळई बंद होणार म्हणून जीव खालीवर होतोय बाईचा. तिला इतकं बरं वाटलं की कोयतेवाल्याला तिने आणखी एक चहा दिला आणि सांगितलं, "बुंध्यापासून काढ. मुळंसुद्धा ठेवू नकोस."

चंपाने खाली पडलेल्या फांद्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाईच ऐकायचं तर ऱ्हायलं. ह्या फांद्या नेऊ का?"

"ने की. चुलीला होतील."

पोपट आणि चंपाने दोन दिवस फांद्यांचे भारे वाहून नेले. कुसुमने आंब्याखाली बसून ते पाहिलं. फांद्या चुलीकडे जाताना मात्र दिसल्या नाहीत. पोपटने चंपाच्या काठाला बांबूचे खुंट ठोकले, त्यांत फांद्या विणून कुडासारखी आडवी रांग केली आणि मागे ओल्या मातीत उरलेल्या फांद्या खोचल्या. एक, दोन, तीन ओळी. चैत्रात त्या फांद्यांना पालवी फुटली. कुसुम म्हणाली, "काही लोकांना कचरासुद्धा सोडवत नाही."

आषाढ सरता सरता चार दिवस पाऊस लागून राहिला. धरणं भरली. सकाळी महापालिकेची भोंग्याची गाडी फिरून गेली, विसर्ग वाढवतायत, काठाला कोणी थांबू नका. भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे फोटो श्रीधरच्या फोनवर आले. पण तो पूल जातोच, पुण्यात त्याचं कोणाला काही वाटत नाही. कुसुम छत्री घेऊन जमिनीवर गेली. पाठोपाठ श्रीधरही आला, कोडं अर्धं टाकून.

अकराच्या सुमाराला पाणी आलं. गढूळ, चहाच्या रंगाचं. पूर तिने तीसएक वर्षं पाहिले होते. पाणी यायचं, वरच्या कोपऱ्यात झुडपांत शिरून फुगायचं, पसरायचं, अळूचे पाय बुडवायचं आणि दोन दिवसांनी जायचं. या वेळी कोपऱ्यात त्याला अडवायला कोणी नव्हतं. ते वळणावरून सरळ आलं आणि धडक थेट कुसुमच्या काठाला बसली.

अळूच्या मागच्या मातीत एक चीर पडली. आधी बोटाएवढी. कुसुमला वाटलं उंदराचं बीळ असेल. बघता बघता चीर हातभर रुंद झाली, आणि अळूची अख्खी एक रांग, माती, मुळं, पानं सगळ्यासकट, दमलेल्या बाईने बसकण मारावी तशी खाली बसली आणि पाण्यात गेली. आवाजही फार झाला नाही. पानं थोडा वेळ पाण्यावर उभीच्या उभी दिसत होती.

"माझं अळू," कुसुम म्हणाली आणि पुढे झाली. श्रीधरने मागून तिचा दंड असा काही धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठले होते. इतक्या वर्षांत त्याने तिला असं कधी धरलं नव्हतं. दुसरी रांगही तिच्या डोळ्यांदेखत गेली. मग मिरच्या गेल्या, मग केळी.

पाणी उतरल्यावर तिने आंब्याला पाठ लावून पावलं मोजली. एकोणतीस होती, तिथे अकरा. खाली उभा कडा, आणि कड्यातून आंब्याची मुळं बाहेर लोंबत होती. असाच आणखी एक पूर आला तर आंबा जाणार, आणि मग जमीन म्हणायला उरणार काय?

कशाला खोटं बोला, अशा वेळीही तिच्या तोंडून पहिला प्रश्न हाच आला, "चंपाचं किती गेलं?"

श्रीधर बांधावर जाऊन पाहून आला.

"तिचं गेलं नाही," तो म्हणाला. "तिचा तो कूड अर्धा मोडलाय. पण काठ आहे. उलट गुडघाभर माती साचलीय."

"आपली माती."

"नावं लिहिलेली नाहीयेत तिच्यावर."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला जातात, असं म्हणतात. इथे नाकही गेलं होतं आणि अपशकुनही झाला नव्हता. कुसुम घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. कल्याणीताईंचा फोन आला तेव्हा म्हणाली, "पाणी उतरू दे, मग बघू." अळू राहिलंच नाही, हे तिला सांगवेना. ते अख्ख्या पुण्यात तिच्याकडेच होतं, आणि आता कोणाकडेच नव्हतं. त्यातल्या त्यात एवढंच समाधान की निदान चंपाकडेही नव्हतं.

तेही समाधान महिनाभरच टिकलं.

गणपती चार दिवसांवर आले होते. आंब्याची मुळं झाकायला कुसुम मातीची पोती घेऊन गेली होती, आणि सवयीने तिची नजर बांधापलीकडे गेली. चंपाच्या नव्या मळईवर, अगदी पाण्याच्या कडेला, काळ्या देठाची पानं डोलत होती. दोन नाही, चार नाही. पन्नास-साठ झाडं, ताटाएवढ्या पानांची, तिच्याकडे कधी नव्हती एवढी तजेलदार.

कुसुम बांध ओलांडून गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाताना काय काय बोलायचं ते तिने मनात लावून घेतलं. चोरटे मेले. वाटच बघत होता. एकदा नाही म्हटलं तर नदीकडून घेतलंत. खरं सांगायचं तर, तिला हुरूपही आला होता. इतक्या वर्षांनी चंपाला काही बोलायची हक्काची संधी मिळाली होती.

जवळ गेल्यावर तिला दिसलं की अळूच्या भोवती चार काठ्या रोवून सुतळी बांधली आहे. आत तण काढलेलं होतं. पण एकाही देठावर विळ्याची खूण नव्हती. एक पानसुद्धा तोडलेलं नव्हतं.

चंपा मेथी खुरपत होती. ती उठली, हात झटकले.

"ताई, बरं झालं आलात. घरी यायचं म्हणत व्हते, पर श्रीधरभाऊ म्हणाले तुमची तब्येत बरी न्हाई. तुमचं अळू हाय ते. गणपतीला लागंल तुमाला."

"तू तोडलं नाहीस?" कुसुमने विचारलं.

"आमी कसं तोडू?"

"का? तुझ्याच जमिनीत उगवलंय. कोण विचारणार होतं?"

"तीन वर्सामागं मागितलं व्हतं, तवा तुमी न्हाई म्हणालात," चंपा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "नदीनं आणून टाकलं म्हणून काय झालं? तुमी कुटं हां म्हणालात?"

मनात लावून घेतलेली सगळी वाक्यं वाया गेली. हिने चोरलं असतं तर किती बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या, घसा मोकळा झाला असता, आयुष्यभर सांगायला गोष्ट झाली असती. काठ हिचा, माती हिची, अळूही हिच्याकडे, आणि आता वर हा मोठेपणा? तोही हिनेच घ्यायचा? मळईचा हेवा तिने केला होता, मेथीचा केला होता. पण आता जे पोटात उठलं, त्यापुढे ते सगळं काहीच नव्हतं.

तिने सुतळी ओलांडली. खाली बसली आणि मऊ काळ्या मातीत दोन्ही हात घातले. माती ओळखीची होती. कोपऱ्यातल्या एका झाडाखालून तिने एक अळकुडी उपटून काढली, चांगली मुठीएवढी, पदराला पुसली आणि चंपापुढे धरली.

"हं. घे."

चंपाने हात पुढे केला नाही.

"घे म्हणते ना. मी देतेय. माझ्या हाताने देतेय. उद्या कोणी विचारलं तर सांगायचं, कुसुमताईंनी दिलं म्हणून. नदीचं नाव नाही घ्यायचं."

चंपाने हात पुसून दोन्ही हातांनी ती घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग तिच्या पायाशी डोलणाऱ्या पन्नास-साठ झाडांकडे पाहिलं.

"एकच?" तिने विचारलं.

"सध्या एकच," कुसुम म्हणाली.

चंपा हसली. कुसुम हसली नाही, पण उठून गेलीही नाही.

"बाकीचं आत्ताच नेऊन लावू नका," चंपा म्हणाली. "तुमचा काठ उघडा पडलाय. पुढच्या पाण्यात पुन्हा जाईल. पानं लागतील तशी तोडून न्या, पर गड्डे राहू द्या हितं. आदी काठ धरा."

"कशाने धरू? ती झुडपं मी..." कुसुम बोलता बोलता थांबली. पुढचं दोघींनाही ठाऊक होतं.

"फांद्या कापून देते. लई वाढल्यात. तुमच्याच हायेत त्या."

त्या दुपारी कल्याणीताईंना अळू गेलं. सोबत कुसुमने फोन केला, "या वेळची पानं जरा मोठी आहेत. माझ्या शेजारणीच्या काठावर लावलंय ना, म्हणून." लावलंय असंच म्हणाली. वाहून गेलं म्हणाली नाही.

गौरी गेल्यानंतर, पाणी खाली उतरलं तेव्हा, शेरणीच्या फांद्यांचे भारे बांधावरून उलट्या दिशेला गेले. या वेळी चंपा आणि कुसुमने वाहिले. पोपटने खुंट ठोकून दिले, श्रीधरने ते सरळ आहेत की नाहीत हे लांबून सांगितलं. फांद्या मात्र कुसुमने कोणाला लावू दिल्या नाहीत. अकराव्या पावलापाशी, कड्याच्या खाली चिखलात उतरून तिने स्वतः एकेक फांदी खोचली. कंबर मोडली, तरी थांबली नाही. तिसरी ओळ संपली तेव्हा चंपा वरून म्हणाली, "झालं ताई, या वर. आमच्याकडं बी तीनच हायेत."

"माहीत आहे," कुसुम म्हणाली आणि चौथी ओळ लावायला घेतली.